कान आणि संस्कार

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईची योगेश्वरी ही दूर कोकणातील अनेक घराण्यांचीही कुलदेवता होय. देवीच्या उपासकांत मंगलकार्यानंतर गोंधळ घालण्याचा कुळाचार आहे. चौक मांडला जातो, दिवटी पेटते आणि गोंधळी संबळावर काठी टाकतो. संबळाचे एक तोंड उंच स्वराचे, दुसरे खर्जाचे. साथीला तुणतुणे व झांज. तो नाद उठताच घरातील वृद्धांचे हात आपोआप जोडले जातात. परदेशीय पाहुण्यास मात्र तोच नाद नुसता गलबला वाटण्याचा संभव असतो. नाद एक, कानाची घडणही एक. मग परिणाम भिन्न का?

दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशाच्या अरण्यात चिमाने नावाचे लोक राहतात. त्यांच्या गायनात अनेक स्वर एकदम जुळवण्याची रीत नाही. पाश्चात्त्यांस मधुर वाटणारे व कर्णकटू वाटणारे स्वरमेळ त्यांस ऐकवले असता दोन्ही सारखेच गोड वाटले, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. विशेष हे की, त्यांतील भेद त्यांना ओळखता येत होता. अर्थात नाद कानाने ऐकू येतो खरा. परंतु त्याची गोडी पुष्कळ अंशी संस्काराने लागते.

इजा मात्र संस्कार पाहत नाही. अंतःकर्णातील शंखाकृती पोकळीत सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. त्या एकदा नष्ट झाल्या की मनुष्यात पुन्हा उत्पन्न होत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तास, ही सर्वसाधारण मर्यादा मानतात. पुढे दर तीन डेसिबलांस ही मुदत निम्मी होते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे उरतात. ध्वनिक्षेपकाच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या तरुणाची ही मुदत वरात वेशीवर पोहोचण्यापूर्वीच संपते. मग गीत भक्तीचे असो वा चित्रपटातले.

अशा आघाताने प्रथम उंच स्वर हरपतात, आणि त्यांबरोबर ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने पुसट होतात. संबळ ऐकू येतो, पण गोंधळ्याच्या आख्यानातील शब्द उमगत नाहीत. पुढल्या पिढीस आख्यान उमगावे, अशी इच्छा असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना संबळाजवळ बसवावे आणि ध्वनिक्षेपकापासून दूर ठेवावे.