पोट दुखतंय म्हणणारं मूल



सकाळी शाळेची वेळ झाली की पोट दुखतं आणि रविवारी मात्र दुखत नाही, असं एखादं मूल तुमच्या पाहण्यात असेल. घरात त्याची दोनच निदानं होतात. आजी म्हणते, नजर लागली. वडील म्हणतात, नाटकं करतंय. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही, की नाटकाचं निदान पक्कं होतं. पण ते पोट खरंच दुखत असतं. भीती, अपमान, उदासी यांना मुलाजवळ नावं नसतात. मग शरीरच बोलू लागतं. मोठी माणसं तरी काय वेगळं करतात? 'काळजात धस्स झालं', 'डोकं धरलंय' असंच आपण म्हणतो. मनाचं दुखणं शरीराच्या नावावर टाकून मोकळे होतो.

मी कविता लिहितो. शब्द सापडत नाही तेव्हा कसं होतं, ते मला ठाऊक आहे. मुलाला तो शब्द शोधून देण्याचं काम चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतो. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो, तो औषध देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. चाचण्या आणि संवाद ही त्याची साधनं. लहान मुलाशी तो खेळतो, चित्रं काढून घेतो, अर्धी गोष्ट सांगून पुढची त्याला सांगायला लावतो. मुलाला वाचन जमत नसेल, तर ते आळसामुळं की अक्षरं ओळखण्यातल्या अडचणीमुळं, हे तो तपासून सांगतो. 'ढ' म्हणून मार खाणाऱ्या मुलासाठी हा फरक सबंध आयुष्याचा असतो.

आपल्या भागाला हे नवं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली हजारो माणसं गेली. पडलेली घरं मोजता आली, त्यांचे पंचनामे झाले. मनाचा पंचनामा कोण करणार? 'घाशीराम कोतवाल'मधला नाना फडणवीस म्हणून ज्यांना आपण ओळखतो, ते डॉ. मोहन आगाशे मूळचे मानसोपचारतज्ज्ञ. भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याच्या अभ्यासात त्यांचा वाटा होता. अशा संकटानंतर मुलं अंथरूण ओलं करतात, आईचा पदर सोडत नाहीत, घर पडण्याचाच खेळ पुन्हा पुन्हा खेळतात. मोठ्यांना तो खेळ अशुभ वाटतो. जाणकार सांगतात, खेळू द्या; भीती बाहेर पडायची ती वाट आहे. वेळेवर जेवण, शाळा आणि रोज दिसणारं एक मायेचं माणूस, हाही उपचारच असतो. नळदुर्गजवळ राष्ट्र सेवा दलानं, पन्नालाल सुराणांच्या पुढाकारानं, भूकंपात पोरक्या झालेल्या मुलांसाठी 'आपलं घर' उभं केलं. त्या नावातच अर्धं मानसशास्त्र आहे.

आज धरणी शांत आहे, पण घरं हादरतातच. दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला जातात, लेकरं म्हाताऱ्यांजवळ राहतात. एखाद्या घरात बाप फास घेतो आणि चौदा वर्षांच्या पोराला लोक सांगतात, 'आता तूच कर्ता, रडायचं नाही.' धाकट्याला सांगतात, बाबा गावाला गेले. लहान मूल अशा वेळी मनात धरून बसतं, की मी हट्ट केला म्हणून ते गेले. म्हणून खरं काय ते साध्या शब्दांत सांगावं, त्याची चूक नव्हती हे पुन्हा पुन्हा सांगावं आणि थोरल्याला रडू द्यावं. हा तज्ज्ञ एकट्या मुलाला तपासून थांबत नाही. आई, बाप, आजी, सगळ्यांना बसवतो. पुष्कळदा दुखणं मुलाचं दिसतं आणि बदलावं लागतं घराला.

वयात आलेल्या मुलांची गोष्ट आणखी नाजूक. ती तज्ज्ञाजवळ जे बोलतात ते तो आईबापांना जसंच्या तसं सांगत नाही; जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद. या गुप्ततेचा पालकांना राग येतो, पण तिच्यावाचून मूल तोंड उघडत नाही. आणि एक गैरसमज काढून टाका. 'मरावंसं वाटतं का?' असं विचारल्यानं तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं याचाच त्याला आधार वाटतो.

काही जण म्हणतील, आम्ही दर्ग्यावर जातो, आईच्या दर्शनाला तुळजापूरला जातो. जरूर जा. मीही दुवा मागणारा माणूस आहे. पण तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याच्या परिसरात ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले, हे विसरू नका. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात त्यानंतर वेगळी वाट निघाली. तिथले मुजावरच रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवू लागले. दवा आणि दुवा हातात हात घालून चालू शकतात. साखळी मात्र दोन्हींत बसत नाही.

मदत फार लांब नाही. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची चौकशी करा. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६, रात्री-बेरात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं. ज्यानं तो फिरवला त्याला कुणी वेडा ठरवत नाही.

तोवर घरात एवढं तरी करू या. उद्या सकाळी लेकरू म्हणालं, 'पोट दुखतंय', तर डोळे वटारण्याआधी शेजारी बसा आणि विचारा, 'शाळेत काय झालं रे बाळा?' आणि मग थोडा वेळ आपण गप्प राहा.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)