स्कूटी नाणेघाटावरही जाते



आपल्या चाकण पट्ट्यात आता बऱ्याच घरांत बाईची स्वतःची स्कूटी आहे. कंपनीत सेकंड शिफ्टला जायचं, लेकराला शाळेत सोडायचं, बाजार आणायचा, तेव्हा तिला कुणी अडवत नाही. पण "आम्ही सगळ्या नाणेघाट बघायला जातोय" म्हटलं, की घरात प्रश्न सुरू होतात. सोबत कोण? गाडी बंद पडली तर? आणि शेवटचा प्रश्न, तिथे तुमचं काय काम?

आम्ही तीन गटांच्या मिळून पंधरा जणी गेलो. पाच स्कूट्यांवर दहा आणि एका चारचाकीत पाच. चारचाकी चालवणारीही आमच्यातलीच. गटाच्या बचतीला हात लावला नाही. चार महिने प्रत्येकीने शंभर रुपये वेगळे काढले, त्यात पेट्रोल आणि जेवण भागलं.

चाकणहून राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव करत जुन्नर. कंटेनरच्या गर्दीतून पहाटेच बाहेर पडलेलं बरं. जुन्नरला पेट्रोल भरून घ्या. पुढे आपटाळे, चावंड, घाटघर असा साधारण तीस किलोमीटरचा रस्ता आहे, अरुंद आणि वळणांचा. हेल्मेट मागे बसणारीलाही हवंच. एकमेकींच्या पुढे जायचं नाही, सगळ्यात हळू चालवणारी पुढे, हा नियम आम्ही पाळला. त्यामुळे कुणी मागे राहिली नाही.

गाडी घाटमाथ्यापर्यंत जाते. खुद्द घाटाला डांबर नाही. कड्याच्या चिरेतून दगडी पायवाट खाली कोकणात उतरते, ती मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाकडे. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. माथ्यावर एक भलामोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात.

थोडं खाली उतरलं की लेणं लागतं. सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती तिथे होत्या, आता पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. पण वर कोरलेली नावं आहेत. त्यात राणी नागनिका आणि राजा सातकर्णी यांचं नाव एकत्र आहे, आणि मैत्रिणींनो, राणीचं आधी, राजाचं नंतर! भिंतींवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख आहे. अभ्यासक तो नागनिकेचा मानतात. केलेले यज्ञ आणि दिलेलं दान त्यात आकड्यांसकट मांडलंय. कुठे 10,001 गाई, कुठे 24,400 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. आम्हाला ती लिपी वाचता येत नाही, पण हिशेब लिहून ठेवणं म्हणजे काय, ते गटातल्या बाईला सांगावं लागत नाही.

तिथेच आमची चर्चा झाली. पंधरा जणींपैकी किती जणींचं नाव घराच्या आठ-अ उताऱ्यावर आहे? चौघींचं. हप्ते फेडणाऱ्या मात्र पंधराही जणी! नवऱ्यासोबत बायकोचं नाव लावता येतं, त्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज करायचा असतो. परतल्यावर सहा जणींनी अर्ज दिले. दोघींच्या घरी अजून बोलणी चालू आहेत. तेही आम्ही गटाच्या बैठकीत घेतो, एकटीवर सोडत नाही.

आता तुम्ही जाणार असाल तर चार गोष्टी. पावसाळ्यात वारा धबधब्याचं पाणी उलटं वर उडवतो, ते बघायला खूप गर्दी होते. दाट धुकं असतं, दगड निसरडे होतात आणि कधी कधी बंदीही असते, म्हणून आधी चौकशी करा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हिवाळा निवडावा. कड्याच्या टोकाला जाऊन फोटो काढू नका. माकडं हातातली पिशवी ओढतात. जेवण घाटघरच्या एखाद्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवा. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा गरम मिळतो आणि पैसे तिथल्या बाईच्या हातात पडतात. प्लॅस्टिक परत आणा. आणि अंधाराआधी जुन्नर गाठा.

तिथे आपलं काय काम, असं कुणी विचारलं, तर सांगा, आमच्यासारख्याच एका बाईचा हिशेब बघायला जातोय.

पुढच्या बैठकीत तारीख ठरवा, आणि त्याच बैठकीत आठ-अ चा उताराही घेऊन या.