बाळाची वाटी



कुपोषणाचा विषय निघाला की आपण रेशन, मजुरी आणि महागाईविषयी बोलतो. ते योग्यच आहे. परंतु ज्या घरात दोन्ही वेळा चूल पेटते, तेथलेही मूल का वाळते, हा प्रश्न मागे राहतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ६ ते २३ महिन्यांच्या शंभर मुलांपैकी सुमारे ११ मुलांनाच पुरेसा आहार मिळत असल्याचे आढळले.

पहिल्या तासात चिकाचे दूध, सहा महिने केवळ अंगावरचे दूध, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. खरी अडचण सातव्या महिन्यापासून येते. घरात वरण शिजते, पण 'पचायला हलके' म्हणून बाळाला वरचे पाणी मिळते. बाळाचे पोट केवढेसे! ते पाण्यानेच भरते आणि डाळ पातेल्याच्या तळाशी राहते. तेच वरण-भात कुस्करून, चमच्यावरून ओघळणार नाही इतके घट्ट करावे, वर थोडे तेल घालावे. अंडेही चालते. ते उष्ण पडते ही समजूत सोडावी. बाळाची वाटी वेगळी असावी. मोठ्यांच्या ताटात त्याने किती खाल्ले ते कळत नाही. चहात बुडवलेले बिस्कीट मात्र भूक मारते, आणि चहामुळे अन्नातले लोह अंगी कमी लागते. जुलाब झाले तरी दूध-जेवण तोडू नये.

हे ऐकून कोणी आईला दोष देईल, तर ते आम्हांस मान्य नाही. नऊ महिन्यांच्या बाळाला दिवसातून तीन-चार वेळा भरवायचे असते, तेही चुचकारत, सावकाश. सकाळी कामावर गेलेल्या बाईने ते कसे करावे? थोरल्या मुलीने शाळा बुडवून? १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी बाळंतिणीच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित पाहिले होते. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पण शेतमजूर आणि घरकामगार भगिनींना पगारी रजा आजही क्वचितच मिळते. अंगणवाडीतून तीन वर्षांखालील बालकाचा शिधा घरी येतो खरा. तो शिजवून भरवायला घरचेच माणूस लागते. ते माणूस बापही असू शकते.

म्हणून पुढच्या बैठकीस माता-भगिनींबरोबर सासूबाईंनी आणि बाळाच्या वडिलांनीही यावे. भरवण्याचे प्रात्यक्षिक होईल. येताना बाळाची वाटी आणि चमचा तेवढा आणावा.