अंगणाचा कोबा आणि पाण्याचा हिशेब

(कोहमारा, ता. सडक अर्जुनी, जि. गोंदिया येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बोलावयाचा विषय घरापुढच्या अंगणाचा आहे. विषय लहान वाटेल. परंतु ग्रामपंचायतीकडे येणाऱ्या तक्रारींपैकी किती तक्रारी अंगणातून वाहणाऱ्या पाण्याच्या असतात, हे आपणांस माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

गावोगाव मातीच्या अंगणाच्या जागी सिमेंटचा कोबा येत आहे. शेणाने सारवलेल्या अंगणाचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यापैकी पहाटे उठून सडासारवण करणारे मात्र फारसे कोणी नसतात. ते काम घरच्या स्त्रीचे. पावसाळ्याचे चार महिने अंगणात चिखल आणि उरलेले आठ महिने सारवण, या चक्रातून तिची सुटका होत असेल तर कोबा हवाच, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय हा धानाचा मुलूख. वाळवणीस स्वच्छ, टणक जागा लागते, आणि ती घरी नसली की धान डांबरी रस्त्यावर पसरले जाते. येथून राष्ट्रीय महामार्ग जातो. रस्त्यावरच्या वाळवणीत जिवाला धोका किती, हे सांगणे नको.

परंतु कोबा करताना सिमेंटचा हिशेब सारेच करतात, पाण्याचा कोणी करीत नाही. वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद अंगण घ्या. आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी १३०० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे या एवढ्याशा अंगणावर वर्षभरात सुमारे ३६,००० लिटर पाणी कोसळते. मातीचे अंगण त्यातील काही भाग पोटात घेत होते. कोबा जवळजवळ काहीच घेत नाही. ते पाणी कोठे जाणार, हे आधी ठरविले नाही तर ते शेजाऱ्याच्या मातीच्या भिंतीखाली जाते, आणि तेथून तंटा थेट आपल्या दारी येतो.

यास्तव पहिले काम सिमेंट आणण्याचे नव्हे, उताराचे. दर पाच फुटांस एक इंच उतार पुरेसा होतो. वीस फुटांस चार इंच. दोरी व पाणसळ यांनी तो आधी खुंट्यांवर आखून घ्यावा. ज्या मुलखात कोहळी समाजाच्या पूर्वजांनी एवढे तलाव बांधून पाणी हवे तिकडे वळविले, तेथे चार इंचांचा उतार साधू नये, हे पटत नाही. उताराच्या टोकाशी नाली किंवा गिट्टीने भरलेला शोषखड्डा हवा. आणि घराची भिंत मातीची असेल तर कोबा भिंतीस भिडवू नये. जमिनीतील ओल कोब्यातून वर येऊ शकत नाही. ती भिंतीचा आधार घेते. शिवाय टणक फरशीवर आपटलेले थेंब उसळून भिंतीचा पाया पोखरतात. भिंतीलगत हातभर पट्टा गिट्टीचा ठेवावा.

आता जमिनीविषयी. आपल्याकडे कन्हार, मोरांड, सिहार, खर्डी ही नावे शाळकरी मुलासही माहीत असतात. कन्हार जमीन पावसात फुगते व उन्हात भेगाळते. तिच्यावर सरळ काँक्रीट टाकले तर दोष सिमेंटचा निघत नाही, तरी शिवी सिमेंटला बसते. वरची माती फूटभर काढून, सहा-सहा इंचांच्या थरांनी मुरूम भरावा, पाणी शिंपडून धुम्मसाने ठोकावा. हे काम झाकले जाते म्हणून टाळले जाते.

काँक्रीट चार इंच जाडीचे, प्रमाण एक भाग सिमेंट, दोन भाग रेती, चार भाग गिट्टी. वर सांगितलेल्या अंगणास सिमेंटची १७ ते १८ पोती, गिट्टी ब्रासपेक्षा थोडी कमी आणि रेती अर्ध्या ब्रासच्या आत लागेल. सिमेंट पोत्यावरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आतले घ्यावे. ओली रेती फुगते. तिचे माप कोरड्या रेतीच्या मापाने धरले तर रेती प्रत्यक्षात कमी पडते.

एका पोत्यास २५ ते ३० लिटर, म्हणजे साधारण दोन बादल्या पाणी. रेती ओली असेल तर त्याहून कमी. येथेच सर्वांत मोठी गफलत होते. माल पातळ झाला की पसरावयास सोपा जातो, मजुराचे कष्ट वाचतात; परंतु जादा पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी सूक्ष्म पोकळ्या उरतात. तोच कोबा दोन वर्षांत भुगा सोडू लागतो. वर कोरडे सिमेंट भुरभुरून थापी घोटण्याची चालही त्याज्य आहे. त्याने पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो, पण वरची पातळ साल बारीक तडकते, आणि पावसात तिच्यावरून म्हातारी माणसे घसरतात. लाकडी रंध्याने सपाट करून, ओलेपणीच झाडूचा हात फिरवावा.

वीस फुटांचा सलग पत्रा कधीही टाकू नये. काँक्रीट आकसते आणि कोठेतरी तडकणारच. ते कोठे तडकावे, एवढेच आपल्या हाती असते. अंगणाचे चार चौकोन पाडून मध्ये सांधे ठेवावेत व एक सोडून एक चौकोन भरावा.

सिमेंट वाळून घट्ट होते, हा समज खोटा आहे. पाण्याशी रासायनिक संयोग होऊन ते घट्ट होते; पाणी संपले की ते काम थांबते. आज बाजारात बहुधा राखमिश्रित, म्हणजे पी.पी.सी. सिमेंट मिळते. त्यास किमान दहा दिवस आणि उष्ण, कोरड्या हवेत चौदा दिवस ओलावा हवा. सकाळ-संध्याकाळ बादली मारून भागत नाही. चिखलाचे लहान बांध घालून, धानाच्या बांधीत ठेवतो तसे पाणी कोब्यावर उभे ठेवावे. उतार असल्याने बांध्या पायरीपायरीने पडतील. ही कला येथील शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. पूर्ण ताकद येण्यास २८ दिवस लागतात. म्हणून लग्न आठ दिवसांवर आले असता, वैशाखाच्या झळांत टाकलेला कोबा हा आहेरात वाया गेलेला पैसा समजावा. धानाची मळणी आटोपली की माघापर्यंतचा काळ या कामास उत्तम.

दुरुस्ती सोपी आहे. केसासारख्या भेगांनी घाबरून जाऊ नये. रुंद भेग छिन्नीने खोल करून, घासून, धुऊन, ओली करून, आधी सिमेंटची रबडी व मग एकास तीन माल भरावा. काठीने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो तेथे मात्र वरून लेप देऊन उपयोग नाही. तेवढा तुकडा काढून खालचा भराव पुन्हा ठोकावा लागतो. दरवर्षी त्याच जागी उघडणारी भेग हलती असते. तीत डांबर भरावे.

वाळवणीविषयी एक सावधगिरी. खरेदी केंद्रावर धानातील ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो, म्हणून घाई होते. परंतु तापलेल्या कोब्यावर पातळ पसरलेले धान फार झपाट्याने वाळते, दाण्यास आत चीर जाते आणि भरडताना कणी वाढते. थर दोन-तीन बोटांचा ठेवावा, वरचेवर पाय फिरवून उलथावा. बियाण्याचे धान तर कोब्यावर थेट घालूच नये.

सजावटीस खर्च लागत नाही. लाल ऑक्साईड कोरड्या सिमेंटात वजनाने शेकडा दहाच्या आत मिसळून कडेची पट्टी करता येते. फुटक्या कपबश्यांचे व टाइल्सचे तुकडे ओल्या कोब्यात बसवून उंबऱ्यासमोर कायमची रांगोळी होते. पण रोजच्या रांगोळीस हातभर साधी जागा गृहिणीला विचारून सोडावी. तुळशीभोवती आणि झाडाच्या बुंध्याभोवती माती उघडी राहू द्यावी. आणखी एक गोष्ट हटकून विसरली जाते. घरात कार्य निघाले की मांडवाच्या डेऱ्या रोवण्यासाठी सबलीने नवा कोबा फोडला जातो. काँक्रीट टाकतानाच डेरीच्या जाडीच्या पाइपाचे फूटभर तुकडे चार कोपऱ्यांत उभे पुरून, वर झाकणे बसवावीत.

समोर टेबलावर तीन पेले आहेत. सकाळी त्यांत तीन ठिकाणची रेती अर्ध्यापर्यंत घालून, मीठ टाकलेले पाणी ओतून, हलवून ठेवले होते. रेतीवर जो गाळाचा थर बसला आहे तो शेकडा आठ भागांहून जास्त असेल तर ती रेती धुतल्याशिवाय वापरू नये. शिक्षक मंडळींनी पट्टी आणली आहेच. पुढे येऊन थर मोजावा.