स्पीकरच्या मागचं बटण

सातपूरला कारखान्यांच्या शेड आणि राहत्या वसाहती एकमेकींना खेटून आहेत. तिथल्या एखाद्या सोसायटीच्या सभागृहात भजन ठेवलं, तर वेगळा अॅम्प्लिफायर आता बहुधा आणावा लागत नाही. एक छोटा मिक्सर आणि पोटातच अॅम्प्लिफायर असलेले दोन पॉवर्ड स्पीकर एवढ्यावर भागतं. माइकचा क्षीण आवाज आधी मिक्सरमधला प्रीअॅम्प वाढवतो, मग स्पीकर. पुष्कळ जण स्पीकरच्या मागचं बटण पूर्ण फिरवून ठेवतात आणि मिक्सरवर मात्र हात आखडता घेतात. माझं म्हणणं याच्या उलट आहे: आवाज प्रीअॅम्पलाच पुरेसा वाढवून घ्यावा आणि स्पीकरचं बटण गरजेपुरतंच उघडावं.

कारण साधं आहे. साध्या डायनॅमिक माइकमधून काही मिलिव्होल्ट येतात. स्पीकरच्या लाइन इनपुटला व्यावसायिक यंत्रांकडून सव्वा व्होल्टच्या आसपास सिग्नल अपेक्षित असतो. मिक्सरमधून त्यापेक्षा २० डेसिबल कमी पाठवलं, तर व्होल्टेज दहाव्या हिश्श्यावर येतं. ती तूट स्पीकरवर भरून काढताना मिक्सरच्या शेवटच्या टप्प्याची खरखर आणि वायरने वाटेत गोळा केलेली ५० हर्ट्‌झची घरघरही दहा पटीने वाढते. गायक थांबला की सभागृहात ऐकू येते ती हीच, आणि दोष बिचाऱ्या स्पीकरला लागतो. दुसऱ्या टोकाला, मिक्सरचा लाल दिवा सतत पेटत असेल तर आवाज तिथेच फाटलेला असतो. पुढे स्पीकर कितीही कमी केला तरी फाटलेला आवाज सांधला जात नाही.

म्हणून स्पीकरचं बटण शून्यावर, मिक्सरचे चॅनेल आणि मेन फेडर शून्य डेसिबलच्या खुणेवर ठेवून सुरुवात करा. मग गेन, म्हणजे प्रीअॅम्पची वाढ, लावा, पण ‘हॅलो, माइक टेस्टिंग’वर नव्हे. गायकाला वरच्या पट्टीत गाऊ द्या, पखवाज आणि टाळ पूर्ण जोरात वाजू द्या. टाळांचा क्षणिक उसळता जोर सरासरी आवाजाच्या फार वर जातो, म्हणून त्या जोरालाही लाल दिवा लागणार नाही इतकी जागा राखायची. शेवटी स्पीकर हळूहळू उघडत हवा तेवढा आवाज घ्या.

यावर लोक विचारतात, की बटण अर्धंच ठेवलं तर पूर्ण वॅटचे पैसे वाया नाही का गेले? नाही. बहुतेक स्पीकरमध्ये हे बटण ताकद ठरवत नाही. किती व्होल्टेज आल्यावर पूर्ण ताकद लागेल, एवढंच ठरवतं. दुसरी शंका अधिक विचार करण्याजोगी आहे: गेन वाढवला की माइक शिट्टी मारतो. पण शिट्टी एकूण वाढीवर अवलंबून असते. गेन १० डेसिबल वाढवून स्पीकर १० डेसिबल उतरवला, तर शिट्टीच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं. एक अपवाद मात्र मान्य करायला हवा. मोबाइल किंवा घरगुती प्लेअर थेट स्पीकरला जोडला, तर त्याचा सिग्नल मुळातच कमी, एक तृतीयांश व्होल्टच्या आसपास असतो. तिथे स्पीकर जास्त उघडणं बरोबरच. स्पीकरवर माइक-लाइन असा खटका असेल तर मिक्सरसाठी तो लाइनवरच हवा. अनेकांचा फाटका आवाज तेवढ्यानेच सुधारतो.

आवाज किती ठेवायचा, हा प्रश्न वेगळा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत औद्योगिक भागाला दिवसा ७५ डेसिबल चालतात, निवासी भागाला ५५ आणि रात्री ४५. सातपूरमध्ये हे दोन्ही भाग हाकेच्या अंतरावर आहेत. संध्याकाळी आवाज बराच उतरवायचा झाला, तर गेनला हात लावू नका. दोन्ही स्पीकरची बटणं मागून सारखीच खाली घ्या.