अडते ते अक्षर, बुद्धी नव्हे



‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत वारंवार घोटाळणारे मूल आळशी अथवा मंदबुद्धी असतेच असे नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेस मान्यता दिली आहे. हैदराबादचे जुळे शहर सिकंदराबाद येथे १९८४ साली स्थापन झालेल्या बौद्धिक दिव्यांगांच्या राष्ट्रीय संस्थेने सर्वसाधारण शाळांत मागे पडणाऱ्या मुलांसाठीही इयत्तानिहाय चाचणी तयार केली. मूल कोणत्या वर्गात बसते यापेक्षा त्यास कोणत्या इयत्तेपर्यंतचे येते, हे तीवरून कळते. अध्यापन तेथूनच सुरू व्हावे. अक्षर मोठ्याने उच्चारीत वाळूत बोटाने गिरवावे, एक पक्के झाल्यावरच त्यासारखे दुसरे द्यावे, जोडाक्षरे शेवटी. छडीने अक्षर येत नाही, मूल मात्र शाळेतून जाते, हे गुरुजनांनी व पालकांनी ध्यानी घ्यावे.