वायफायची किल्ली
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, भाषणाची सवय नाही. पण गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली, ती आपणांपुढे सांगावी म्हणून उभी राहिले आहे.

घरी वायफाय आले तेव्हा लक्षात राहावा म्हणून मी आमचा फोन नंबरच पासवर्ड ठेवला. पुढे इंटरनेट फार मंद चालू लागले. मुलाने राउटरचे पान उघडून पाहिले, तर घरात फोन चार आणि जोडलेली यंत्रे अकरा! माझा संशय शेजारच्या कॉलेजातल्या मुलीवर गेला. जिन्यात चौघींदेखत मी तिला नाही नाही ते बोलले. पोर खाली मान घालून निघून गेली. मागून कळले, आमच्याच भाच्याने खालच्या मुलांना पासवर्ड सांगितला होता!

प्रश्न चार पैशांचा नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्याआधी धमकीची ई-मेल गेली ती नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका घरातील उघड्या वायफायवरून. घरच्या माणसाचा त्यात हात नव्हता; तरी पोलिसांचा तपास त्याच्याच दारी आला.

शेवटी त्या मुलीकडे जाऊन मी चूक कबूल केली. तिनेच मला बाजूला बसवून सारे शिकवले. फोन नंबर, नावे, जन्मतारखा पासवर्डात नकोत. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडावेत. राउटरच्या कारभाराचा पासवर्ड निराळा असतो, तोही बदलावा. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावे. जुने डब्ल्यूईपी २००१ सालापासून कुचकामी ठरले आहे. डब्ल्यूपीएस नावाची सोय बंद ठेवावी. पासवर्ड बदलला की जोडलेले सगळे बाहेर पडतात. मग घरचे फोन एकेक करून जोडावेत. आल्यागेल्यासाठी 'गेस्ट' जाळे वेगळे ठेवावे. पाहुण्याला आपण ओसरीवर मानाने बसवतो, पण कपाटाची किल्ली त्याच्या हाती देत नाही, तसेच हे.

किल्ली मीच उघड्यावर ठेवली आणि चोर म्हटले दुसरीच्या लेकीला. बोलले होते चौघींदेखत, म्हणून आज तिची क्षमाही सर्वांदेखत मागते आणि आपली रजा घेते.